जेटस्की ठेवायची कुठे : लिफ्टवर की तरत्या डॉकवर?

खाडीच्या काठी जेटस्की (पाण्यावर चालणारी स्कूटर) पाण्यातच बांधून ठेवली, तर थोड्याच दिवसांत बुडाला शेवाळ आणि कालवं धरतात. त्यामुळे ती पाण्याबाहेर हवीच.

लिफ्ट म्हणजे खांबांवरचा पाळणा. तारदोर आणि मोटर जेटस्कीला वर उचलतात. बूड पूर्ण कोरडं राहतं, लाटाही लागत नाहीत. पण खाऱ्या हवेत तारदोरच आधी दगा देतो. पुलीवरून जिथे वळतो तिथे तो रोज बघावा; एक जरी तार तुटून बाहेर आलेली दिसली, तरी दोर बदलायचा, गाठ मारून वेळ काढायची नाही. लिफ्टवर बोट ठेवत असाल, तर पावसात बुडाची बूच काढून ठेवा. आत शंभर लिटर पाणी साचलं की लिफ्टवर शंभर किलो जास्तीचे! आणि पाण्यात सोडण्याआधी बूच लावायला विसरू नका (विसरतात, हो).

तरता डॉक म्हणजे प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे. जेटस्की हळूच वर चढवायची, बस्स. भरती-ओहोटीबरोबर तो स्वतःच वरखाली होतो, वीज लागत नाही. ठोकळ्यांच्या जोडपिना आणि नांगराच्या साखळ्या तपासल्या, खालचं शेवाळ खरवडलं की झालं.

कोकणातल्या खाडीत एकट्या जेटस्कीसाठी मी तरता डॉकच घेईन. जड बोट असेल तर मात्र लिफ्ट. पावसाळ्यात दोन्हींवरून काढून ती किनाऱ्यावर, छपराखाली.