फी नाही, गुंतवणंही नाही: एका योगवर्गाचा तीन वर्षांचा अनुभव

या वर्गात पहिल्या दिवशी मला एकही आसन करू दिलं नाही. सरांनी हातात एक कागद ठेवला. रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू असलेल्या गोळ्या, असं सगळं त्यात विचारलेलं. शेवटचा प्रश्न होता, शिकवताना हात लावून दुरुस्ती केलेली चालेल का? हो, नाही, किंवा दर वेळी विचारा. मी तिसऱ्या पर्यायावर खूण केली आणि माझे डोळे भरून आले. इतका साधा प्रश्न मला आधी कोणी विचारलाच नव्हता.

त्याआधी मी दुसऱ्या एका वर्गाला जात होते. तोही विनामूल्य. तिथले शिक्षक पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं, घेत होते, मी जेमतेम पोटऱ्यांपर्यंत पोचलेली. ते मागून आले, पाठीवर दोन्ही तळहात टेकवले आणि भार दिला. कमरेतून जी कळ निघाली ती पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. दोन आठवडे अंथरुणावर होते. बरी होऊन भेटायला गेले, तर म्हणाले, "तुमचं समर्पण कमी पडलं." दुखण्यापेक्षा ते वाक्य मला जास्त दिवस पुरलं.

तिथे फी नव्हती, पण वर्ग संपला की पायांवर डोकं ठेवायला रांग लागे. त्यांची बँकेची कामं, टायपिंग, गाडी चालवणं, सगळं साधकांकडे. चार दिवस गैरहजर राहिलेल्याला सगळ्यांसमोर बोलणी बसत. पैशांऐवजी माणसंच घेतली जात होती. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगितलेत. परतफेडीची आशा धरून दिलेलं ते राजस, आणि उलट उपकार करू न शकणाऱ्याला केवळ द्यायचं म्हणून दिलेलं, ‘दीयतेऽनुपकारिणे’, ते सात्त्विक. हा श्लोक शाळेत पाठ होता. त्याचा अर्थ मला त्या रांगेत उभं राहून कळला.

म्हणून आताच्या वर्गाबद्दल लिहिताना ‘विनामूल्य आहे’ हा मी पहिला गुण धरत नाही. फी घेऊन मनापासून शिकवणारे, गरजवंताची फी न बोलता सोडून देणारे शिक्षक मी पाहिलेत. आमच्याकडे एक पेटी आहे, ती मागच्या भिंतीला, दारापासून लांब. कोणी टाकलं, कोणी नाही, हे सरांना दिसू नये म्हणून ती तिथे ठेवलीय. पेटी महिन्यातून एकदा साधकांपैकीच दोघं उघडतात आणि भाडं, वीज, नव्या सतरंज्या असा हिशेब फळ्यावर लिहितात.

शिकवण्याबद्दल. सुरुवात ‘सह नाववतु’ने होते. बहुतेक वर्गांत ही प्रार्थना साधक म्हणतात आणि शिक्षक ऐकतात. इथे सर स्वतः हात जोडून, आमच्याकडे तोंड करून म्हणतात. एकदा ते ‘मा विद्विषावहै’पाशी थांबले. म्हणाले, "आपण दोघांनी एकमेकांचा द्वेष करू नये, असं हे मागणं आहे. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात द्वेष येऊ शकतो, हे त्या ऋषींना माहीत होतं. ‘नौ’ म्हणजे आपल्या दोघांना. यात मी वेगळा नाही." मला माझ्या जुन्या शिक्षकांची आठवण झाली. मनातला त्यांच्याबद्दलचा राग त्या दिवशी पहिल्यांदा मी राग म्हणून ओळखला.

पतंजलींच्या योगसूत्रांतल्या आठ अंगांमध्ये आसन तिसरं येतं. त्याच्या आधी यम आणि नियम, म्हणजे वागण्याची पथ्यं, आणि यमांत पहिली अहिंसा, मग सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणं, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. सर म्हणतात, की हे साधकांना सांगण्याआधी शिकवणाऱ्याने स्वतःला लावायचं. त्यांचं लावणं रोज दिसतं. काचबिंदू असलेल्या बाईंना सर्वांगासन किंवा शीर्षासन नाही, कारण उलट्या स्थितीत डोळ्यांतला दाब वाढतो. रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यांना कपालभाती नाही. गुडघे अजिबात न वाकणारे एक आजोबा येतात, त्यांचा सगळा सराव खुर्चीवर. पहिल्या दिवशी ते संकोचले होते. सरांनी त्यांना पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींबद्दल सांगितलं, की त्यांनी लाकडी विटा, पट्टे, खुर्च्या आणल्या त्या ताठरलेल्या आणि आजारी माणसालाही आसन मिळावं म्हणून. मग स्वतः शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि त्या दिवशीचा अख्खा वर्ग बसून घेतला.

सत्याचंही तसंच. एका गृहस्थांची साखर कमी आली. त्यांनी आनंदाने जाहीर केलं, की आता गोळ्या बंद करतो. सर लगेच म्हणाले, "साखर योगाने उतरली की गोळीने, की तुम्ही चालायला लागलात म्हणून, ते मला ठरवता येत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही." स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं तेच योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते प्रयोगाने तपासायला, हे ते अशा वेळी आवर्जून सांगतात. जे तपासलेलं नाही ते गुण येतो म्हणून सांगत सुटणं त्यांना खोटं बोलण्यासारखंच वाटतं.

झाडलोट, सतरंज्या घालणं, स्वच्छतागृह धुणं पाळीपाळीने. सरांची पाळी सोमवारी.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसले त्याबद्दल. चौथ्या महिन्यात माझी कंबर बरीच सुधारली होती. रोज पावणेसहाला मी पहिल्या रांगेत असे. एक दिवस सरांनी थांबवून घेतलं. "ताई, उद्यापासून आठवड्यातून दोनच दिवस या. बाकीचे दिवस घरी करा." आणि वहीच्या पानावर क्रम लिहून दिला: ताडासन, भिंतीला हात टेकून अर्ध उत्तानासन, मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन, शवासन. प्रत्येकापुढे किती श्वास तेही.

मला फार लागलं. वाटलं, मी नकोशी झाले. घरी येऊन रडले. ‘इथेही आपलं काहीतरी कमी पडलं’ हाच विचार. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजी अंथरली आणि तिसऱ्याच आसनात अडखळले, कारण चार महिने मी फक्त त्यांच्या आवाजामागे जात होते. श्वास कधी घ्यायचा हे माझ्या अंगाला माहीतच नव्हतं.

मी एकवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. शिकवणीला जाणारी काही मुलं असतात, समोर बाई असल्या की सगळी गणितं सुटतात आणि परीक्षेत पाटी कोरी. त्यातल्या काहींना तसं ठेवण्यात शिकवणाऱ्याचा फायदा असतो, हेही मी जवळून पाहिलंय. आणि फायदा पैशांचाच असतो असं नाही. ‘बाई, तुमच्याशिवाय नाही जमत’ हे ऐकायला फार गोड लागतं. मलाही लागायचं. म्हणून सरांनी काय सोडलं ते मला कळलं. पहिल्या रांगेतली, रोज येणारी, चार नव्या माणसांना घेऊन येणारी साधक त्यांनी आपणहून घरी पाठवली. अपरिग्रह म्हणजे वस्तू साठवू नयेत एवढंच मी समजत होते. माणसंही साठवायची नसतात.

सूत्रांमध्ये अभ्यास दृढ व्हायला तीन गोष्टी सांगितल्यात: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. ‘शिक्षकांच्या समोर’ असं कुठेही म्हटलेलं नाही. हे मी एकदा सरांना म्हटलं, तर त्यांनी ते पुढच्या शनिवारी सगळ्यांना सांगितलं, आणि ‘हे मला ताईंनी दाखवलं’ असं म्हणाले. श्रेय न ढापणं हासुद्धा अस्तेयच.

आणखी एक प्रसंग. मागच्या वर्षी शवासनात एक मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. सरांनी बाकीच्यांना खुणेने आवाज न करता बाहेर जायला सांगितलं, एका वयस्कर बाईंना थांबवलं आणि स्वतः चार हात लांब जमिनीवर बसून राहिले. तिने डोळे पुसल्यावर एवढंच म्हणाले, "सांगावंसं वाटलं तर ऐकेन. नाही सांगितलंत तरी चालेल. पण हे माझ्या शिक्षणाच्या पलीकडचं असेल, तर त्यातल्या जाणकाराकडे मी स्वतः सोबत येईन." नंतर ते खरोखर गेले, तिच्या आईला बरोबर घेऊन. अशा वेळी माणूस फार उघडं पडलेलं असतं. त्या क्षणी जो कोणी जवळ बसेल त्याला ते आपलं सगळं देऊन टाकेल. योगशिक्षकाची आध्यात्मिक जबाबदारी म्हणतात ती मला तिथे दिसली, त्या चार हातांच्या अंतरात. त्या मुलीची परवानगी घेऊनच हे लिहिलंय.

तक्रारीही आहेत आणि त्या मी सरांना तोंडावर सांगितल्या आहेत. शनिवारचं निरूपण लांबतं. पाऊण तास मांडी घालून बसल्यावर माझ्यासारखीचं लक्ष सूत्राकडे राहत नाही, कमरेकडे जातं. जागा तीस जणांची आणि येतात चाळीस, त्यामुळे मागच्यांना पायांची ठेवण दिसत नाही. सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे सर स्वतःला सुट्टी देत नाहीत. गेल्या पावसाळ्यात अंगात ताप असताना त्यांनी आठवडाभर वर्ग घेतला, आवाज बसला, मग तीन आठवडे सगळंच बंद. सेवेत स्वतःच्या शरीराला अहिंसेतून वगळायचं, हे मला पटत नाही. बरे होऊन आल्यावर मी त्यांना विचारलं, "तुमचा कागद कोणी भरून घ्यायचा?" त्यांनी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या महिन्यापासून आम्हा चौघांना वर्ग घ्यायला शिकवायला लागले.

नागपुरात योगाभ्यासी मंडळ उभं करणाऱ्या जनार्दनस्वामींनी योग विनामूल्य शिकवला, आणि शिकलेल्यांनी पुढे शिकवत राहावं अशी रीत घालून दिली. सरांना त्यांच्याबद्दल फार आदर आहे. मला वाटतं, ही रीत आमच्याकडे बरीच उशिरा आली, पण आली.

कोणी यावं? ज्यांना दुखणं आहे आणि घाई नाही त्यांनी जरूर यावं. घाम गाळायचा असेल, महिन्यात वजन उतरवायचं असेल, तर निराशा होईल. पहिले दोन आठवडे श्वास आणि उभं राहणं एवढंच असतं. आणि पायांवर डोकं ठेवायला जाऊ नका, सर मागे सरकतात.

गेल्या गुरुवारी माझी पाळी होती. पहिली वीस मिनिटं मी घ्यायची, सर मागच्या रांगेत सतरंजी टाकून उभे. आवाज कापत होता, पण क्रम चुकला नाही. वीरभद्रासनात सगळ्यांवर नजर फिरवताना मला दिसलं, की सरांच्या मागच्या पायाची टाच उचलली गेलीय आणि पुढचा गुडघा आत झुकलाय. मी नजर काढून घेतली आणि शेजारच्या काकांना गुडघा सरळ करायला सांगितलं.

वर्ग सुटल्यावर सर सतरंजी गुंडाळत जवळ आले. "माझी टाच दिसली ना तुम्हाला?"

"हो सर."

"मग सांगितलं का नाहीत?"