इथिओपिया की केनिया? आधी डॉलरचा मार्ग बघून घ्या

पंप, ठिबकचं साहित्य, औषधं, तयार कपडे अशा धंद्यातला आपल्याकडचा उद्योजक पूर्व आफ्रिकेकडे वळला की इथिओपिया आणि केनिया ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही देश शेजारी, दोघांची सीमा मोयालेला भिडते, पण दोघांची आर्थिक धोरणं वेगळ्या मुशीतली आहेत.

नुसती वाढ बघितली तर इथिओपिया केव्हाच पुढे आहे. लोकसंख्या बारा कोटींच्या वर, आफ्रिकेत नायजेरियाखालोखाल. २००४ नंतरची दीड दशकं सरकारी आकड्यांनुसार वर्षाला सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढ. तेव्हाचे पंतप्रधान मेलेस झेनावी यांच्या काळात ठरलेला मार्ग सरळ होता: बँका, दूरसंचार आणि जमीन सरकारच्या हातात ठेवायची आणि पैसा रस्ते, धरणं, रेल्वेत ओतायचा. अदिस अबाबा ते जिबूती ही सुमारे ७५० किलोमीटरची विजेवरची रेल्वे, २०१६ साली सुरू झालेलं हवासा शहरातलं औद्योगिक संकुल आणि सप्टेंबर २०२५मध्ये उद्घाटन झालेलं नाईलवरचं ५,१५० मेगावॅटचं धरण ही त्याच मार्गाची फळं. त्या धरणासाठी तिथल्या शिक्षकांनी, कारकुनांनी पगारातून रोखे घेतले आहेत. ही जिद्द मला मनापासून भावते.

अडचण डॉलरची आहे. एवढी बांधकामं उसन्या पैशावर झाली आणि निर्यात मात्र कॉफी, फुलं, तेलबिया, सोनं यांच्यापलीकडे फारशी गेली नाही. त्यामुळे कच्चा माल मागवायचा तर बँकेत परकीय चलनासाठी महिनोन् महिने रांग. नफा बिरमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, साठत राहायचा आणि देशाबाहेर काढता यायचा नाही. डिसेंबर २०२३मध्ये देशाने आंतरराष्ट्रीय रोख्यावरचं ३.३ कोटी डॉलरचं व्याज थकवलं. जुलै २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज घेताना चलनाचा भाव बाजारावर सोडावा लागला. डॉलरला ५७ बिर असलेला भाव काही आठवड्यांतच शंभरावर गेला. ज्याचे पैसे स्थानिक उधारीत अडकले होते, त्याचं काय झालं असेल ते तुम्हीच हिशोब करून पाहा.

तरीही मी याला योग्य दिशेचं पाऊल म्हणेन. निर्यातदाराला कमाईतले निम्मे डॉलर स्वतःकडे ठेवायची मुभा त्याच वेळी मिळाली, परदेशी कंपन्यांना व्यापाराचं क्षेत्र खुलं झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी परदेशी बँकांसाठी कायदाही झाला. पण हे सगळं नवं आहे. दरवाजा उघडलाय, तो उघडाच राहील याची खात्री पटायला आणखी काही वर्षं जावी लागतील.

केनियाची बाजू वेगळी. लोकसंख्या निम्म्याहून कमी, वाढ पाच टक्क्यांच्या आगेमागे. पण मोम्बासा बंदर स्वतःचं आहे, तर इथिओपियाला १९९३ साली एरिट्रिया वेगळा झाल्यापासून समुद्रच नाही. शिलिंग डॉलरमध्ये बदलता येतो, नफा बाहेर नेता येतो. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा २००७पासून चालू असल्यामुळे गावातला दुकानदारही मोबाइलवरून पैसे भागवतो. शिवाय केनियात बनवलेला माल पूर्व आफ्रिकी समुदाय या व्यापारी गटातल्या युगांडा, टांझानिया, रवांडा या बाजारांत सवलतीने जातो.

तिथे डोकेदुखी आहे ती करांची. सरकारने मोठी कर्जं घेतली आणि आता महसुलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्याजात जातो. फेब्रुवारी २०२४मध्ये जुना रोखा फेडण्यासाठी दहा टक्क्यांहून जास्त परताव्याचा नवा रोखा काढावा लागला. हा खड्डा भरायला दर वर्षी नवे कर येतात. २०२३मध्ये इंधनावरचा मूल्यवर्धित कर आठवरून सोळा टक्के झाला आणि घरबांधणीसाठी पगारातून दीड टक्का कापणं सुरू झालं. तेवढाच वाटा मालकानेही भरायचा. जून २०२४मध्ये तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं गेली आणि राष्ट्राध्यक्ष रुटो यांना कर विधेयक मागे घ्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात अपील न्यायालयाने २०२३चा करकायदाही रद्द ठरवला, तो ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जिवंत केला. अशा हवेत तीन वर्षांचा ताळेबंद मांडणं अवघड आहे. पण वाद न्यायालयात जातो आणि सरकारविरुद्ध निकाल लागू शकतो, ही गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे.

म्हणून दोन-पाच कोटींचं भांडवल असलेल्या, स्थानिक बाजारात माल विकू पाहणाऱ्या उद्योजकाला मी केनियाच सांगेन. महाग कर परवडतो, अडकलेला पैसा परवडत नाही. इथिओपिया त्याच्यासाठी, ज्याचं उत्पादन थेट निर्यात होणार आहे, ज्याला स्वस्त वीज आणि मनुष्यबळ हवंय आणि जो थांबू शकतो. त्यातही मजुरीच्या आकड्यावर भाळू नका. २०१९च्या सुमारास हवासात शिवणकाम करणाऱ्या मुलींचा मूळ पगार महिन्याला २६ डॉलर होता. एवढ्यात खोलीचं भाडं आणि जेवण भागत नव्हतं, म्हणून वर्षभरात जवळजवळ सगळी माणसं बदलायची. एवढ्या कमी पगारावर हिशोब बेतणं माणसांवर अन्याय आहेच, पण धंद्यालाही ते तोट्याचं ठरलं. पुढे उत्तरेकडच्या तिग्रे भागातल्या युद्धामुळे जानेवारी २०२२पासून अमेरिकेची करमुक्त प्रवेशाची सवलत गेली आणि मोठे खरेदीदारही गेले. युद्ध नोव्हेंबर २०२२मध्ये थांबलं, पण अम्हारा भागात २०२३पासून लढाई पेटली. जागा बघताना हे नकाशावर ठेवून बघा.

केनियात जाणाऱ्यांनी ऑगस्ट २०२७ची निवडणूक लक्षात ठेवावी. २००७च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसं मारली गेली आणि मोम्बासाहून आत जाणारा रस्ता तुटल्याने युगांडापर्यंत इंधनाची टंचाई झाली होती. नंतरच्या निवडणुका त्या मानाने निभावल्या, तरी त्या महिन्यांसाठी कच्च्या मालाचा जादा साठा आधीच नैरोबीत आणून ठेवलेला बरा.