दारं सील करावीत की क्थुलूशी भिडावं?

‘अर्कम हॉरर’ या बोर्ड गेमच्या २००५च्या आवृत्तीत जिंकायच्या दोन मुख्य वाटा: दुसऱ्या जगांत उघडणारी ६ दारं सील करा, नाहीतर जागा झालेल्या क्थुलू या महाराक्षसाला हरवा.

लढाईचं गणित आधी बघा. चौघं असाल तर फाशांवर ४ यश मिळाल्यावर त्याचा जीव मोजणारं एक टोकन निघतं. टोकनं १३, म्हणजे किमान ५२ यश! यश मोजायचं ते फक्त ५ किंवा ६ पडल्यावर, त्यात ६ फासे आधीच वजा. हातात बंदूक असूनही फेकायला दोनच फासे उरले की पोटात गोळा येतो.

दारापलीकडे जाऊन यायला फेऱ्या जातात खऱ्या, पण बंद केलेलं दार ५ क्लूंत (खेळात गोळा केलेल्या सुगाव्यांत) सील होतं आणि तिथे पुन्हा उघडत नाही. मी क्लू तिथेच घालते. समोर क्थुलूऐवजी यिग हा महाराक्षस असेल, तर मात्र लढा: १० टोकनं, वजा ३च फासे.