ओळख झाली, पुढे काय? आवाज कलाकारासाठी व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, फोन की प्रत्यक्ष भेट

कार्यक्रम संपतो तेव्हा खिशात आठ-दहा कार्डं असतात, फोनमध्ये चार-पाच नवे नंबर असतात आणि प्रत्येकाने निघताना "टच में रहिये" म्हटलेलं असतं. आता यांना गाठायचं कसं? बहुतेक जण स्वतःला जे सोपं जातं ते करतात. लाजरा माणूस मेल टाकतो, बोलका फोन लावतो, आणि तिथेच गाडी अडते. आवाजाचं काम (डबिंग, जाहिरात, ऑडिओबुक) ओळखीच्या दिवशी क्वचितच निघतं. ते निघतं तीन आठवड्यांनी, संध्याकाळी सात वाजता, एखाद्या कोऑर्डिनेटरला (कामासाठी आवाज शोधून बोलावणाऱ्या माणसाला) उद्या सकाळच्या सेशनसाठी मराठी बाईचा आवाज हवा असतो तेव्हा. त्या वेळी तो हात कशाला घालेल? चॅटला, मेलबॉक्सला, की शेजारी बसलेल्या रेकॉर्डिस्टला विचारेल? जिथे तो शोधेल तिथे तुम्ही सापडायला हवं. पुढची सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे.

व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल: खरी निवड या दोघांत

डबिंग कोऑर्डिनेटर, छोट्या स्टुडिओचे मालक, रेडिओ स्पॉट करणारे लोक आणि रेकॉर्डिस्ट यांचं सगळं काम व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. त्यांना मेल टाकणं म्हणजे बंद घराच्या दारात पत्र ठेवणं. उलट जाहिरात एजन्सीचा प्रोड्युसर, पुण्यातली ई-लर्निंग कंपनी, आयव्हीआर (फोन लावल्यावर "मराठीसाठी एक दाबा" असं सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज) करून घेणारी बँक किंवा ऑडिओबुकचा प्रकाशक यांच्याकडे तुमचा आवाज एका माणसाच्या पसंतीवर ठरत नाही. तो पुढे पाठवला जातो, ब्रँडच्या माणसाला ऐकवला जातो, कधी खरेदी विभागापर्यंत जातो. तिथे मेलच हवा, कारण फॉरवर्ड होताना मेलमध्ये तुमचं नाव, नंबर आणि डेमो (आवाजाचा छोटा नमुना) एकत्र राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे गेलेल्या फाइलवर बहुतेक वेळा तुमचं नावच नसतं, आणि आवाज आवडला तरी तो कोणाचा हे कोणालाच कळत नाही.

हा घोळ होतो कसा, ते पाहण्यासारखं आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपने "ऑडिओ" म्हणून पाठवलेली फाइल समोरच्याच्या फोनमध्ये एयूडी, मग तारीख आणि डब्ल्यूए अशा नावाने साठते. त्यात तुम्ही कुठेच नसता. व्हॉइस नोट तर आणखी वाईट. ती फोनच्या माइकवर रेकॉर्ड होते, दाबून लहान केली जाते आणि नावाने शोधता येत नाही. म्हणून डेमो नेहमी "डॉक्युमेंट" म्हणून जोडा, म्हणजे फाइलचं नाव चॅटमध्ये तसंच दिसतं आणि शोधलं की सापडतं. नावाचा क्रम ठरवून टाका: नाव, आडनाव, भाषा, प्रकार, सेकंद. हे नाव रोमन लिपीत ठेवलेलं बरं. देवनागरी नावं झिपमध्ये किंवा एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेली की त्यांचे चौकोन होतात.

व्हॉट्सअ‍ॅपचे आणखी दोन खड्डे आहेत. पहिला, ब्रॉडकास्ट लिस्ट. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. नव्या ओळखींपैकी बऱ्याच जणांनी तो केलेला नसतो, त्यामुळे तुम्ही मारे पन्नास जणांना दिवाळीच्या शुभेच्छांसोबत डेमो पाठवाल आणि तो पाच-सहा जणांना मिळेल. स्टेटसचंही तसंच. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये नंबर सेव्ह करायला सांगा, आणि कुठल्या नावाने ते स्वतःच लिहून द्या: "मराठी फीमेल व्हीओ" (व्हीओ म्हणजे व्हॉइस ओव्हर) आणि पुढे तुमचं नाव. कोऑर्डिनेटर कॉन्टॅक्टमध्ये आधी "मराठी" टाइप करतो, तुमचं नाव त्याला आठवलं तर नंतर. दुसरा खड्डा म्हणजे आपोआप पुसले जाणारे मेसेज. समोरच्याने ही सोय सगळ्या नव्या चॅटसाठी चालू ठेवली असेल तर तुमचा डेमो २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत जातो. चॅटच्या सुरुवातीला तशी सूचना दिसते. ती दिसली तर त्या माणसाकडून मेल आयडी मागून घ्या.

मेलचे खड्डे वेगळे. सगळ्यात जास्त नुकसान ड्राइव्हच्या लिंकने होतं. गुगल ड्राइव्हवर टाकलेली फाइल मुळात फक्त तुमच्यासाठीच उघडी असते. परवानगी न बदलता लिंक पाठवली की प्रोड्युसरला "अ‍ॅक्सेस मागा" असं दिसतं, आणि घाईत असलेला माणूस अ‍ॅक्सेस मागत बसत नाही, पुढच्या आवाजाकडे जातो. फुकट फाइल-ट्रान्सफरच्या लिंका काही दिवसांतच मरतात. त्यापेक्षा फाइल सरळ जोडा. १९२ केबीपीएसची एका मिनिटाची एमपी३ साधारण दीड एमबीची होते. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे, तेव्हा जागेची चिंता नाही. वेव्ह फाइल (दाबून लहान न केलेली) मात्र डेमो म्हणून पाठवू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो असली तरी मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जाते. तीन मिनिटांत मर्यादा ओलांडली की जीमेल स्वतःच तिची ड्राइव्ह लिंक करतं आणि आपण परत त्याच खड्ड्यात.

मेलच्या विषयात "हॅलो" किंवा "व्हॉइस आर्टिस्ट प्रोफाइल" लिहिणं वाया जातं, कारण तसे शंभर मेल पडलेले असतात. भाषा, स्त्री की पुरुष, आवाजाचं वय (आवाज किती वयाचा वाटतो) आणि कुठे भेटलो, एवढं विषयातच यावं. दुसरी आठवण त्याच मेलला उत्तर म्हणून द्या. नवा मेल सुरू केला की जोडलेली फाइल मागे राहते.

मेसेजमध्ये नेमकं काय

"काल भेटून छान वाटलं, काही काम असेल तर कळवा" या मेसेजला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. हे पाहा:

"नमस्कार मॅडम. काल पाम एक्स्पोत भेटलो. बँकेच्या मराठी आयव्हीआरसाठी पुरुष आवाज हवा असल्याचं तुम्ही म्हणालात. त्या पद्धतीचं २० सेकंदांचं वाचन सोबत आहे. आवाजाचं वय ३५ ते ४५. घरी रेकॉर्डिंगची सोय आहे, छोटी फाइल त्याच दिवशी देतो."

यात भेटीची खूण आहे (पाम एक्स्पो हे ध्वनी-उपकरणांचं प्रदर्शन), त्यांचीच गरज त्यांच्याच शब्दांत आहे, आणि ऐकायला फक्त २० सेकंद लागतात. त्यासाठी भेटीच्या रात्रीच कार्डाच्या मागे लिहून ठेवा: काय करतात, कशाबद्दल बोलले, कुठल्या भाषेत बोलले. दोन दिवसांनी चेहरे एकमेकांत मिसळतात. पहिला मेसेज २४ ते ४८ तासांत जायला हवा, त्यातही दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर गेला तर उत्तम. रात्री साडेअकराचा मेसेज सकाळच्या ढिगाऱ्याखाली जातो.

गरज ठाऊक नसेल तर ४५ ते ६० सेकंदांचा एकाच प्रकारचा डेमो पाठवा. जाहिरातवाल्याला जाहिरात, ई-लर्निंगवाल्याला समजावून सांगणारं वाचन. सगळं एकत्र कोंबलेला तीन मिनिटांचा डेमो शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही. पहिल्या पाच सेकंदांत तुमचा नेहमीचा, सहज आवाज असावा. गडगडाटी आवाज नंतर.

इथे एक सावधगिरी मनापासून सांगावीशी वाटते. पार्श्वसंगीत नसलेलं, कोरं, दहा-पंधरा मिनिटांचं वाचन "सॅम्पल" म्हणून अनोळखी माणसाला देऊ नका. त्यातून आवाजाची नक्कल तयार करणं आता अवघड राहिलेलं नाही. स्क्रिप्ट देऊन सॅम्पल मागितलं तर तीन-चार ओळी वाचा, पूर्ण स्क्रिप्ट नाही. आणि जे काम अजून बाजारात आलेलं नाही ते डेमो म्हणून कुठेही पाठवू नका. त्यातून तुटलेला विश्वास पुन्हा जुळत नाही.

फोन

फोनचा एक फायदा दुसऱ्या कशालाच नाही: तुमचा आवाज तिथेच ऐकू जातो. पण मागे काही उरत नाही. तीन आठवड्यांनी शोधायला फोनमध्ये फक्त एक नंबर असतो, तोही बहुधा सेव्ह न केलेला. शिवाय समोरचा सेशनमध्ये असू शकतो. स्टुडिओत टेक चालू असताना वाजलेला फोन कोणालाच आवडत नाही. म्हणून "फोन करा" असं स्वतःहून म्हणालेल्या माणसालाच फोन करा, आणि तोही आधी मेसेजवर वेळ विचारून. "आत्ता बोलता येईल का?" हे पहिलं वाक्य, दोन मिनिटांत बोलणं संपवा, आणि ठेवल्यावर लगेच डेमो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. उचलला नाही तर पुन्हा लावू नका.

थेट स्टुडिओत जाणं

डबिंगमध्ये मात्र याची किंमत वेगळी आहे. मुंबईत अंधेरी पश्चिम, ओशिवरा, वर्सोवा या पट्ट्यात एका दिवसात तीन-चार ठिकाणी जाऊन येता येतं. डबिंगवाल्याला डेमोमधून हवं ते कळत नाही. ओठांशी जुळवून, पात्राच्या श्वासासकट बोलता येतं का, हे माइकसमोरच दिसतं, म्हणून व्हॉइस टेस्ट लागते. त्यामुळे डबिंग कोऑर्डिनेटरशी पाठपुरावा करताना खरी विनंती काम मागण्याची नसते, टेस्टसाठी वेळ मागण्याची असते. "क्राउडलाही (गर्दीतल्या आवाजांसाठी) येईन" हे आवर्जून लिहा, कारण नव्या माणसाला आत शिरायला बहुतेक वेळा तोच रस्ता असतो. आणि स्टुडिओत किती वेळात पोचू शकता तेही लिहा. ऐनवेळी कोणी आलं नाही की आधी जवळचा माणूस आठवतो.

पुणे, नाशिक, कोल्हापूरहून येणाऱ्याने न कळवता जाऊ नये. पूर्ण दिवस जातो आणि कोऑर्डिनेटर जागेवर नसतो. आधी मेसेजवर दोन-तीन भेटींच्या वेळा ठरवा आणि त्या सगळ्या एकाच दिवशी घ्या. नागपूर किंवा गोव्याहून डबिंगपेक्षा घरून होणाऱ्या कामांचा पाठपुरावा जास्त फळतो, म्हणजे ई-लर्निंग, आयव्हीआर, ऑडिओबुक. तिथे मेलच पुरेसा.

लिंक्डइन कंपन्यांच्या लोकांसाठी ठीक आहे, पण तिथे ओळख पक्की करून बोलणं मेलवर न्या. इन्स्टाग्रामवर तुम्हाला फॉलो न करणाऱ्याला पाठवलेला मेसेज "रिक्वेस्ट"मध्ये पडून राहतो. छोटे ब्रँड आणि यूट्यूब चॅनेल सोडले तर त्यावर विसंबू नका.

मराठीसाठी एक खास माणूस

राष्ट्रीय जाहिरातींत मूळ स्क्रिप्ट हिंदी किंवा इंग्रजीत असते आणि सगळ्या भाषांचं काम एकच कोऑर्डिनेटर सांभाळतो. त्याला मराठी येतंच असं नाही. मग तो मराठी भाषांतरकाराला विचारतो, "इसमें किसकी आवाज़ लें?" कार्यक्रमात या भाषांतरकाराकडे फारसं कोणी वळत नाही, आणि पाठपुराव्यात तर त्याचं नावच नसतं. त्याला मेल टाका, पण डेमो निवडून. "चार" आणि "चारा" यांतल्या च मधला फरक, "जीवन" आणि "जाळ" यांतला ज, ळ आणि ण स्वच्छ, हे ज्यात ऐकू येईल असा. कोऑर्डिनेटरला हा फरक कळणार नाही, भाषांतरकार तिथेच थांबेल. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी खरोखर घरची असेल तर तेही लिहा. ऐकून उचललेली असेल तर लिहू नका, सेशनमध्ये पहिल्या वाक्यालाच उघडं पडतं.

किती वेळा, आणि कधी थांबायचं

पहिल्या मेसेजनंतर आठ-दहा दिवसांनी दुसरा, मग महिना-दीड महिन्याने तिसरा. प्रत्येक वेळी काहीतरी नवं हवं: प्रसारित झालेलं ताजं काम, नवा माइक बसवल्यानंतरचं वाचन, "या आठवड्यात मुंबईत आहे" एवढंही चालतं. नुसतं "काही आलं का?" नको. निळ्या खुणा दिसून उत्तर आलं नाही म्हणजे नकार असं समजू नका. काम नसलं की उत्तर द्यायला कारण नसतं. पण तिन्ही वेळा शांतता राहिली तर सहा महिने तो नंबर बाजूला ठेवा. जाहिरातवाल्यांना गुढीपाडवा, गणेशोत्सव आणि दसरा-दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी आठवण द्या. सणाच्या आठवड्यात स्पॉट रेकॉर्ड होऊन गेलेले असतात.

होकार आला की बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर असो की फोनवर, ठरलेलं मेलवर लिहून घ्या: किती सेकंद, कुठल्या माध्यमात, किती महिने वापरणार, दुरुस्त्या किती, पैसे किती दिवसांत, आणि आवाज यंत्राला (एआयला) शिकवण्यासाठी वापरणार नाही हे एका वाक्यात. ज्या कोऑर्डिनेटरने कधी मेल उघडला नसेल त्यालाही हा एक मेल पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "मेल टाकलाय, पाहून ओके करा" असं सांगा. त्या "ओके"चा स्क्रीनशॉट काढून ठेवा.