‘हमखास लागणारा’ आयपीओ

नोव्हेंबर 2023मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजचा आयपीओ, म्हणजे लोकांसाठीची पहिली शेअरविक्री, आला. भाव 500 रुपये, लॉट (किमान घ्यावा लागणारा गठ्ठा) 30 शेअरचा, म्हणजे एका अर्जाला 15 हजार. 30 नोव्हेंबरला शेअर बाजारात 1,200वर लिस्ट झाला, म्हणजे त्या भावाने व्यवहार सुरू झाले. ज्याला लॉट लागला त्याला एका सकाळी 21 हजारांचा नफा दिसला, पण मागणी 69 पटींच्या घरात गेल्यामुळे बहुतेकांना काहीच लागलं नाही. सप्टेंबर 2024मध्ये बजाज हाउसिंग फायनान्सचा 70चा शेअर 150ला उघडला आणि पुन्हा तेच. दोन्ही कंपन्या पुण्याच्या, त्यामुळे आपल्याकडे चर्चा जरा जास्तच. ‘आपल्याला कधी लागतच नाही’ ही चुटपुट मागे राहिली, आणि बनावट आयपीओ ॲपवाल्यांचा धंदा तिच्यावरच चालतो.

सुरुवात फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीने होते. फोटो एखाद्या नावाजलेल्या ब्रोकरेजच्या अधिकाऱ्याचा, अर्थात चोरलेला. जाहिरात दाबली की व्हॉट्सॲप ग्रुप. सुरुवातीचे काही आठवडे पैशाचा विषयच निघत नाही. सकाळी बाजाराचा अंदाज, संध्याकाळी ‘सरांचा’ तास, मधूनच एखादी टिप, जी खरोखर चालते. बाकीचे सदस्य नफ्याचे स्क्रीनशॉट टाकून सरांचे आभार मानत राहतात. त्यातली बरीचशी खाती त्याच टोळीची असतात.

मग सरांची ‘असिस्टंट’ खाजगीत मेसेज करते : आमच्याकडे इन्स्टिट्यूशनल अकाउंट आहे, क्यूआयबी कोट्यातून आयपीओ हमखास लागतो, आणि तोही स्वस्तात. इथेच थांबायला हवं, कारण यातला एकही दावा नियमात बसत नाही. क्यूआयबी म्हणजे बँका, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी गुंतवणूक संस्था. त्यांच्या खात्यात तुमच्या-आमच्यासाठी खोली भाड्याने मिळत नाही. या परदेशी संस्थांच्या (एफपीआय) मार्गाने रहिवासी भारतीयांना शेअर घेऊन देतो म्हणणाऱ्यांबद्दल शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने फेब्रुवारी 2024मध्येच जाहीर इशारा दिला होता. किरकोळ गुंतवणूकदारांना सवलत असलीच, तर ती कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली असते आणि त्या गटातल्या सगळ्यांना मिळते.

सेबीचं प्रमाणपत्र मागितलंत तर तेही लगेच येतं. त्यावरचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत सापडतोसुद्धा, कारण तो खऱ्या ब्रोकरचा उचललेला असतो. म्हणून नुसता क्रमांक जुळवून उपयोग नाही. यादीतल्या ब्रोकरचा फोन आणि वेबसाइट स्वतः शोधून ‘हे ॲप तुमचं आहे का’ असं थेट विचारावं.

ॲप बहुधा लिंकवरून उतरवायला लावतात. भाव खरे, आलेख खरे, येणारे आयपीओही खरे. खोटी असते ती फक्त तुमची शिल्लक. पैसे भरायचे ते ‘कंपनीच्या’ खात्यात, आणि ते खातं दर वेळी वेगळं : आज कुठल्यातरी ट्रेडर्सचं, परवा कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं चालू खातं. ही भाड्याने घेतलेली खाती. पहिले 50 हजार भरल्यावर चार-पाच हजार काढूनही देतात, आणि माणूस निर्धास्त होतो. खरं तर धोक्याची सुरुवात इथूनच होते, कारण हे परत आलेले पैसे अनेकदा दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात. त्याने तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि तुमचीच रक्कम, कधी अख्खं खातं, गोठतं.

आता मुख्य डाव. समजा तुमच्या ॲपवर दोन लाख दिसतात. असिस्टंट सांगते, ‘ताई, 10,000 शेअरसाठी अर्ज टाका, लागतील फार तर 500.’ बटण दाबताना पैसे कापले जात नाहीत, म्हणून बिनधास्त दाबलं जातं. दोन दिवसांनी मेसेज : अभिनंदन, 8,000 शेअर लागले. 120च्या भावाने 9 लाख 60 हजार. शिल्लक दोन लाख, म्हणजे 7 लाख 60 हजारांचा खड्डा. दुपारी चारपर्यंत भरा, नाहीतर खातं गोठेल, सेबी दंड करेल. घाम फुटला की तीच असिस्टंट मदतीला धावते : चार लाख तुम्ही जमवा, बाकीचं कंपनी कर्ज देईल. लोक एफडी मोडतात, सोनं गहाण टाकतात ते याच टप्प्यावर. लिस्टिंगच्या दिवशी ॲपवर नफा दुप्पट दिसतो, पण काढता येत नाही, कारण आधी ‘कर्ज’ फेडायचं असतं.

खऱ्या आयपीओत हे घडूच शकत नाही. 2016पासून प्रत्येक सार्वजनिक विक्रीत अर्जाचे पैसे अस्बा पद्धतीने तुमच्याच बँक खात्यात अडकवून ठेवले जातात. यूपीआयने अर्ज केलात तर ‘मँडेट’ मंजूर करता तेही तेच. अडकवलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाचाही जास्त शेअर लागत नाही. लागला नाही तर रक्कम मोकळी होते. मागणी फार झाली तर किरकोळ गटात संगणकावर सोडत निघते आणि एका अर्जाला जास्तीत जास्त एकच लॉट मिळतो. आठ हजार शेअर एकदम लागण्याची सोयच नाही. शेअर लागले का, हे रजिस्ट्रारच्या (शेअरवाटपाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर पॅन टाकून कळतं, आणि ते तुमच्या डीमॅटमध्ये येतात. ॲपवर शेअर आणि डीमॅट खात्यांची नोंद ठेवणाऱ्या सीडीएसएल-एनएसडीएलच्या विवरणात काहीच नाही, तर शेअर नाहीतच.

शेवटचा पिळा करांचा. पैसे काढायचे म्हटलं की आधी 20 टक्के कर वेगळा भरा, मग व्हेरिफिकेशन फी, मग मनी लाँडरिंगची अनामत. अल्पकालीन नफ्यावर 20 टक्के कर आहे हे खरं (23 जुलै 2024पासून), म्हणूनच ही थाप खपते. पण रहिवासी माणसाने तो स्वतः आयकर खात्याकडे भरायचा असतो. ब्रोकर तो आगाऊ मागत नाही. परताव्यासाठी पैसे मागितले, की पुढचा एकही रुपया पाठवू नये.

पैसे गेल्याचं कळल्यावर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करा. पोलीस ठाण्यात जाण्यात अर्धा दिवस गेला तर तोवर रक्कम पाच-सहा खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेली असते. यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, तारीख, वेळ आणि समोरचा खाते क्रमांक हाताशी ठेवा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, बँकेला लेखी पत्र. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा, प्रोफाइल आणि ॲपचे स्क्रीनशॉट घ्या, ॲपची लिंक जपा. सेबीच्या ‘स्कोर्स’ या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकून इथे फारसं काही होत नाही, ती सोय नोंदणीकृत संस्थांविरुद्ध आहे.

रक्कम समोरच्या खात्यात गोठली असली तरी ती आपोआप परत येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503खाली बहुधा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. नेमक्या याच काळात ‘रिकव्हरी एजंट’, ‘सायबर वकील’ अशा नावांनी फोन येऊ लागतात, पैसे सोडवून देतो म्हणत. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे त्यांना तुमची नेमकी रक्कमही माहीत असते.