एडिनबरा: आंतरराष्ट्रीय महोत्सव की फ्रिंज?

ऑगस्टमध्ये ‘एडिनबरा फेस्टिव्हल’ला जाण्याचा विचार करणाऱ्याने त्यांपैकी नेमक्या कोणत्या महोत्सवाला जायचे, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरवलेले बरे, कारण स्कॉटलंडच्या या राजधानीत त्या महिन्यात अनेक महोत्सव एकाच वेळी भरतात आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे दोन, म्हणजे आंतरराष्ट्रीय महोत्सव आणि फ्रिंज, स्वभावाने अगदी भिन्न आहेत.

दोघांचेही जन्मवर्ष १९४७. महायुद्धानंतर ऑपेरा-व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, त्याच वेळी आमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था स्वतःहून आल्या आणि त्यांनी मिळेल त्या जागी आपले प्रयोग लावले. त्यातूनच फ्रिंज उभी राहिली. पुढे १९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली, तरी प्रयोगांची निवड कोणत्याही समितीने करायची नाही, हे तत्त्व आजही कायम आहे. आंतरराष्ट्रीय महोत्सवात कलासंचालक जगभरातून मोजके वाद्यवृंद, ऑपेरा, नाटके आणि नृत्यसंस्था निमंत्रित करतात. फ्रिंजमध्ये जागा मिळवून नोंदणी करणारा कोणीही प्रयोग करू शकतो, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत कार्यक्रमांची संख्या तीन हजारांवर गेली आहे. पहिल्या ठिकाणी निवडीची जबाबदारी जाणकारांनी घेतलेली असते, तर दुसऱ्या ठिकाणी ती सर्वस्वी प्रेक्षकावर येते, आणि माझ्या मते या दोहोंतला खरा फरक हाच आहे.

ज्यांना मुख्यतः विनोदी कार्यक्रम पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी उत्तर सरळ आहे: फ्रिंज. प्लेझन्स, गिल्डेड बलून, अंडरबेली, असेंब्ली आणि द स्टँड ही तिथली नावाजलेली ठिकाणे. मात्र मराठी माध्यमातून शिकून चांगले इंग्रजी बोलणाऱ्यालाही स्टँडअपमधला वेग, प्रादेशिक उच्चार आणि ब्रिटिश राजकारणाचे व दूरचित्रवाणीचे संदर्भ सहज झेपतील असे नाही. शेजारचे हसत असताना आपल्याला अर्थ न लागणे फार क्लेशदायक असते. म्हणून केवळ स्टँडअपचे बेत आखू नयेत. सर्कस, मूकाभिनय, देहबोलीवर उभे असलेले नाटक आणि संगीत यांचीही फ्रिंजमध्ये समृद्ध परंपरा आहे. दिग्दर्शक रतन थिय्याम यांच्या मणिपुरी ‘चक्रव्यूह’ या नाटकाला १९८७ मध्ये इथेच ‘फ्रिंज फर्स्ट’ हा नव्या प्रयोगांसाठीचा पुरस्कार मिळाला होता, यावरून परक्या भाषेतला प्रयोगही तिथे पोहोचतो हे दिसते. ज्यांना प्रायोगिक रंगभूमीची आवड आहे, त्यांनी ट्रॅव्हर्स आणि समरहॉल या दोन ठिकाणांचे कार्यक्रम आधी चाळावेत. कोणीही निवड न केलेल्या त्या प्रचंड यादीत नवनाट्यासाठी मला हेच दोन आधार सर्वाधिक भरवशाचे वाटतात.

दिवस किती हाताशी आहेत, यावरही निर्णय अवलंबून आहे. दोनच संध्याकाळी मिळणार असतील, तर आंतरराष्ट्रीय महोत्सवातली अशर हॉलमधली एक मैफल आणि फेस्टिव्हल थिएटरमधला एखादा ऑपेरा किंवा नृत्यप्रयोग हे माझे मत. फ्रिंजमध्ये बहुतेक प्रयोग तासाभराचे आणि मध्यंतराविना असतात. दिवसाला तीन-चार पाहता येतात, त्यांतला एखादा फसतो आणि एखादा वर्षानुवर्षे मनात राहतो. या अनिश्चिततेला वाव मिळावा म्हणून किमान चार-पाच दिवस हवेत. दोन प्रयोगांमध्ये निदान पाऊण तास मोकळा ठेवावा, कारण जुन्या शहरातले रस्ते चढउताराचे आहेत, रॉयल माइल या तिथल्या मुख्य रस्त्यावर चालण्यालाही जागा नसते आणि उशिरा येणाऱ्याला अनेक ठिकाणी आत घेत नाहीत.

खर्चाचा विचार करताना तिकिटांपेक्षा मुक्कामाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. फ्रिंजमध्ये पबच्या मागच्या खोल्यांत विनातिकीट प्रयोगही होतात, ज्यांच्या अखेरीस कलाकार बादली घेऊन दाराशी उभा राहतो आणि प्रेक्षक यथाशक्ती पैसे टाकतात. ते टाकायलाच हवेत, कारण अनेकांची त्या प्रयोगाची कमाई तेवढीच असते. मुक्काम मात्र ऑगस्टमध्ये अतिशय महाग होतो, त्यामुळे रेल्वेने सुमारे पन्नास मिनिटांवर असलेल्या ग्लासगोत राहण्याचा पर्याय अनेक जण निवडतात. आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या संध्याकाळच्या मैफलींनंतर परतायला गाडी सहसा मिळते, म्हणून त्या प्रेक्षकाला हा पर्याय सोयीचा आहे. फ्रिंजचे रात्री उशिराचे विनोदी प्रयोग पाहणाऱ्याला तो परवडत नाही; त्याने लहान खोली का होईना, एडिनबरातच आणि काही महिने आधी घ्यावी.

सोबत वयस्कर आई-वडील असतील तर माझा कौल निःसंकोचपणे आंतरराष्ट्रीय महोत्सवाला. तिथली मोठी प्रेक्षागृहे आरामशीर आहेत, तर फ्रिंजची पुष्कळ ठिकाणे तळघरांत, चर्चच्या सभागृहांत किंवा अरुंद जिन्यांच्या वर असतात. त्यांना एखादा फ्रिंजचा प्रयोग दाखवायचाच असेल, तर पायऱ्या आणि उद्वाहन यांची माहिती तिकीट घेण्यापूर्वी त्या ठिकाणाकडून विचारून घ्यावी, आणि ऑगस्ट असला तरी सोबत स्वेटर व पावसाळी कोट ठेवावा.