युकॅट: विभागवार सराव की पूर्ण सराव परीक्षा?

भाचीची युकॅट, म्हणजे ब्रिटनसारख्या देशांत वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेण्यासाठी द्यावी लागणारी संगणकावरची परीक्षा, सहा आठवड्यांवर आली आहे. तिने विचारलं, "मामा, रोज एकच विभाग घोटू, की सरळ पूर्ण परीक्षा सोडवत सुटू?"

आधी वेग पाहू, कारण खरी अडचण तिथेच आहे. शाब्दिक विभागात 22 मिनिटांत 44 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला जेमतेम 30 सेकंद. संख्यात्मक विभागात 26 मिनिटांत 36. घड्याळ न लावता विभागवार सराव केला तर चूक नेमकी कुठे होते ते कळतं: उतारा नीट वाचला नाही, की पडद्यावरचं गणकयंत्र उगाच वापरलं. पूर्ण परीक्षेत ते कळत नाही, फक्त गुण कमी दिसतात. मात्र अडलेला प्रश्न अंदाजाने खूण करून सोडायची सवय घड्याळाशिवाय लागतच नाही. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून कोरा प्रश्न ठेवणं हे निव्वळ नुकसान.

दमणुकीचं म्हणाल तर जवळपास दोन तास सलग बसणं फक्त पूर्ण परीक्षाच शिकवते.

खर्चाचा प्रश्नच नाही. अधिकृत संकेतस्थळावर दोन्ही मोफत आहेत. पण पूर्ण संच मोजकेच, ते पहिल्याच आठवड्यात संपवू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

प्रश्नप्रकार अजून अनोळखी असतील, तर आधी विभागवार. उत्तरं बरोबर येतात पण शेवटचे प्रश्न राहून जातात, अशांनी पूर्ण परीक्षाच द्याव्यात. भाची सध्या पहिल्या गटात आहे.